माझ्या पाठीवरचं प्रॅक्टिकल

मला टीबी झाला होता. हे वाक्य आज मी भाजीवालीलाही सहज सांगते, पण तेव्हा आमच्या घरात हा शब्द उच्चारायला बंदी होती. तुमच्यापैकी कुणाच्या उशाशी आत्ता त्या गोळ्यांची पुडी असेल, तर आधी एवढंच ऐका: गोळ्या पुऱ्या करा. मी केल्या, आणि आज मी स्वतः वॉर्डात इन्चार्ज म्हणून सगळ्यांवर ओरडत फिरते. आता बाकीचं सांगते. त्यात माझी फजिती बरीच आहे, पण ती माझीच असल्यामुळे कुणाची परवानगी लागत नाही.

लिव्हर

दोन हजार सालाच्या आसपासची गोष्ट. शिरूरच्या एका नर्सिंग शाळेत मी दुसऱ्या वर्षाला होते. वर्गात माझा पहिला नंबर, आणि तोंड नंबराच्याही पुढे. त्या वर्षी आम्हाला पेशंट तपासायला शिकवत होते. आमच्या साळवी मॅडमचा एकच मंत्र होता: आधी बघा, मग हात लावा, मग वाजवा, मग ऐका. वाजवा म्हणजे डाव्या हाताचं मधलं बोट पेशंटच्या पाठीवर सपाट ठेवायचं आणि उजव्या हाताच्या बोटाने त्यावर टकटक करायचं. आत हवा असली की पोकळ आवाज येतो, पाणी असलं की भरीव येतो. भरीव आवाजाला आम्ही 'डल' म्हणायचो.

पेशंटला हात लावण्याआधी एकमेकींवर सराव करायचा असा नियम होता. आम्ही काय करायचो ते सांगते. जोड्या लागल्या की दार लोटून घ्यायचं, गप्पा मारायच्या आणि जर्नलमध्ये वरपासून खालपर्यंत 'नॉर्मल' लिहून टाकायचं. तरण्याताठ्या मुलींना काय होणार आहे, असं आमचं मत होतं. एकीने लिहायचं आणि बाकीच्यांनी उतरवायचं ही तर वर्गाची रीतच होती, आणि ती एक बहुतेक वेळा मी असायचे.

माझी जोडी लागली कमलशी. कमल दौंडकडच्या एका वाडीवरची, मेंढपाळ घरातली. वडिलांनी मेंढरं कमी करून शेती धरलेली, आणि वाडीवरून शिकायला बाहेर पडलेली ही पहिलीच मुलगी. इंग्रजी शब्द लिहायला तिला वेळ लागायचा. ती माझ्या वाट्याला आली म्हणजे मला शिक्षाच झाली, असं मला वाटत होतं. हे आज लिहिताना लाज वाटते. तिची आणखी एक पंचाईत होती. ती खरंच तपासायची.

"तुझं उजवीकडं खाली भरीव वाजतंय गं," ती म्हणाली.

"लिव्हर असतं तिथं. पुस्तक वाच जरा."

"लिव्हर पुढं आसतंय. मी पाठीवर वाजवतीया. आन् लिव्हर काय खांद्याच्या हाडाखालपातुर येतंय व्हय?"

मी सरळ मॅडमना हाक मारली. मॅडमनी लांबूनच बघितलं आणि म्हणाल्या, "कमल, बोट सपाट ठेव. उचललेलं आहे, म्हणून तसा आवाज येतोय." मग तिच्या जर्नलमधला 'डल' लाल पेनने खोडून त्यावर 'नॉर्मल' लिहिलं. मी विजयी चेहऱ्याने गाऊनची नाडी बांधली.

व्हरांड्यात आल्यावर कमलने हळूच विचारलं, "तुला सांजचा ताप येतो का गं?"

येत होता. दोन आठवडे येत होता. कूस बदलली की उजवीकडे कळही येत होती. पण आजारी पडणं हे पेशंटचं काम, नर्सचं नाही, अशी माझी ठाम समजूत होती. "मेंढरं तपासल्यासारखी काय तपासतेस मला?" मी फटकारलं.

तिला राग आला नाही. "मेंढरू बोलत न्हाई, म्हणून हात लावावा लागतोय," ती म्हणाली. "तू बोलतीस, पण खरं कुठं बोलतीस."

काचेवरचा फोटो

पुढे दहा-बारा दिवसांनी चादरींचा गठ्ठा घेऊन जिना चढताना मला असा दम लागला की मी गठ्ठ्यावरच बसले. दुपारी थुंकी तपासली, एक्स-रे काढला. छातीचे डॉक्टर आठवड्यातून एकदा पुण्याहून यायचे, ते नेमके त्या दिवशी होते. कमलसकट सगळा वर्ग मागे उभा असताना त्यांनी फोटो खिडकीच्या काचेला लावला. डावीकडे सगळं काळं आणि उजवीकडे खालचा अर्धा भाग पांढराफेक. तो वाचायला डॉक्टर लागत नव्हता.

"फुप्फुसाच्या बाहेरच्या अस्तरात पाणी झालंय," डॉक्टर म्हणाले. "टीबीचंच दिसतंय. थुंकीत जंतू नाहीत, तुझ्यापासून कुणाला लागायचा नाही. सहा महिने औषध घ्यायचं. पूर्ण बरी होशील."

यातला 'टीबी' तेवढा मी ऐकला. बाकीची वाक्यं कमलने मला दुसऱ्या दिवशी पुन्हा सांगितली, तेव्हा ती बोलली गेली होती हे मला कळलं. तुमच्या बाबतीतही असंच होईल. म्हणून डॉक्टरकडे जाताना कान शाबूत असलेलं एक माणूस बरोबर न्या.

थोड्या वेळाने साळवी मॅडम आपणहून कमलचं जर्नल घेऊन आल्या, डॉक्टरांपुढे उघडलं आणि सगळ्या वर्गादेखत म्हणाल्या, "हिला आधी कळलं होतं सर. मी खोडलं." मला तोवर मॅडम आवडत नव्हत्या.

मरणाची भीती मला वाटली का? फार नाही. मला भीती होती वर्ष जाण्याची. आप्पांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, नर्सिंगला पाठवताना एकच अट घातली होती: एक जरी वर्ष बुडालं तर शाळा बंद आणि लग्न. स्थळ तयारच होतं, गावातला डेअरीवाला. माणूस वाईट नव्हता, पण तो भेटला की फक्त दुधाच्या फॅटबद्दल बोलायचा. वार्षिक प्रॅक्टिकल पाच महिन्यांवर होतं. त्याच्या शेवटच्या दिवसापर्यंत डॉक्टरांनी 'फिट' असं लिहून दिलं तरच मला परीक्षेला बसता येणार होतं.

स्पेशल ट्रेनिंग

मला आमच्याच वॉर्डात दाखल केलं, आणि आई-आप्पा पहिल्या एसटीने आले. आईने मला जवळ घेतलं आणि जी रडायला लागली ती शेजारच्या कॉटवरच्या मालनबाईंनी पाणी देईपर्यंत थांबली नाही. आप्पा खाटेच्या पायथ्याशी उभे राहून एक्स-रेचं पाकीट उलटंसुलटं करत होते. गावात पंचायतीची निवडणूक तोंडावर होती आणि ते पॅनेलमध्ये होते.

"गावात काय सांगायचं?" त्यांनी विचारलं.

"पोरगी आजारी हाय, दुसरं काय सांगायचं?" आई म्हणाली.

"कशानं, आसं इचारतील की. एकदा का तोंडातनं गेलं का मग धा वर्सं कोन पानी पियाला बी दारात येनार न्हाई."

शेवटी असं ठरलं की मला 'स्पेशल ट्रेनिंग'साठी निवडलंय, म्हणून सुट्टीला घरी येता येत नाही. आप्पांनी हे इतक्या मनापासून सांगितलं की आठवड्याभरात ग्रामपंचायतीच्या फळ्यावर माझ्या अभिनंदनाचा मजकूर लागला. हे मला आईकडून कळलं, तेव्हा मी नेमकी पाठीतून सुईने पाणी काढून घेत होते. ट्रेनिंग खडतर होतं यात शंका नाही.

केस

नर्सिंगच्या मुलीला आजारी पडायला तिच्याच शाळेचं हॉस्पिटल मिळावं यासारखी शिक्षा नाही. पुस्तकातली सगळी लक्षणं एकाच अंगावर, तेही मराठी बोलणाऱ्या आणि पळून न जाणाऱ्या पेशंटच्या. मॅडमनी फर्मान काढलं की प्रत्येकीने माझा केस स्टडी लिहायचा. मग काय, सकाळी सहापासून रांग लागली. पाठीवर टकटक, मग पंजा ठेवून "नव्याण्णव म्हण". म्हणताना आवाजाची थरथर हाताला कशी लागते ते बघायचं असतं. मी म्हणायचे नव्याण्णव. पुढची यायची. नव्याण्णव. त्या पुढची.

मालनबाईंचे मालक मार्केट यार्डात हमाल होते आणि त्यांचा अर्धा जन्म कांद्याचे लिलाव ऐकण्यात गेलेला. पाय मोडल्याने त्या कॉटवर अडकून पडल्या होत्या. तिसऱ्या दिवशी त्यांना राहवेना. "बया, कवापासनं ऐकतीया," त्या मला म्हणाल्या. "नव्व्याण्णवच्या वर काय कुनी जाईना. दिऊन टाक की आता."

माझी पाठ सोलवटून निघाली होती. शेवटी मी माझ्या मैत्रिणींशी तह केला: तुम्ही वाजवू नका, मी सांगते, तुम्ही लिहा. सगळ्या खूश. उशीला टेकून मी शेठजीच्या थाटात मजकूर सांगायला लागले. "उजवी बाजू, खाली, डल. हवा कमी." शेवटी स्वतःच्या पदरचं एक वाक्यही घातलं: "पेशंट सहकार्य करते, स्वभावाने शांत." त्या दिवशी सकाळीच मी वॉर्डबॉयवर जेवणाचं ताट ढकललं होतं. पण जर्नलमध्ये लिहिलं की ते खरं होतं, हे आम्ही दुसऱ्या वर्षापर्यंत शिकलो होतो.

कमल तेवढी उतरवून घ्यायला तयार नव्हती. "कालचं लिव्हून काय करू? आज काय हाय ते बघती," म्हणायची. रोज एकदाच यायची, हात एकमेकांवर घासून गरम करायची आणि वाजवायची. जिथे भरीव आवाज सुरू व्हायचा तिथे बॉलपेनने माझ्या पाठीवर बारीक रेघ मारायची. पाणी काढल्यावर रेघ खाली आली. मग गोळ्यांनी आणखी दोन बोटं खाली. आईने एकदा अंग पुसताना या निळ्या रेघा बघितल्या आणि कुणीतरी करणी केली म्हणून ती सरळ आप्पांना बोलवायला धावली. कमलने तिला समोर बसवून एकेक रेघ समजावून सांगितली. त्यानंतर आई रोज न चुकता विचारायची, "आज कुठवर आलं गं पानी?" धरणाचं पाणी विचारावं तशी. पण त्या रेघांमुळेच ती पहिल्यांदा रात्रीची शांत झोपली, असं ती सांगते.

मावशीचा कप

हॉस्पिटलमधून सोडल्यावर गावी जाता येईना, कारण तिथे मी ट्रेनिंगला होते. म्हणून दीड महिना दौंडला मावशीकडे राहिले. काका रेल्वेत गार्ड, राहायला क्वार्टर, आणि दिवसभर गाड्यांचा खडखडाट. मावशी मायाळू. तिने माझ्यासाठी फुलाफुलांचा नवा कप आणला, नवी ताटली आणली, नवा तांब्या आणला. "खास तुझ्यासाठी," म्हणाली. हे सगळं मोरीत वेगळ्या कोपऱ्यात पालथं घातलेलं असायचं. लागत नाही गं हा, असं पुस्तक काढून समजावता आलं असतं, पण ज्या घरात खातोय तिथे पुस्तक काढायचा धीर होत नाही. रात्री मात्र त्या कपाचा फार राग यायचा.

एका सकाळी काका ड्युटीवरून आले, मी अर्धा चहा ठेवून उठले होते तो फुलांचा कप उचलला आणि उरलेला चहा पिऊन टाकला. मावशीच्या हातातली सांडशी तशीच राहिली. "आवं, तिचा हाय त्यो," ती म्हणाली.

"माहीत हाय," काका म्हणाले. "साखर बरूबर हाय ह्यात. माझ्यात कमी घालतीस तू." आणि ते झोपायला निघून गेले. मी मोरीत जाऊन पाच मिनिटं रडले. दुसऱ्या दिवसापासून सगळ्यांची भांडी एकत्र घासली जाऊ लागली.

एक सूचना द्यायची राहिली. या गोळ्यांनी लघवी केशरी होते. अगदी सरबतासारखी. औषधाचा रंग आहे तो, घाबरायचं नसतं. हे मी वर्गात पाठ करून पूर्ण मार्क मिळवले होते, आणि तरीही पहिल्या दिवशी संडासातून जी किंकाळी फोडली ती ऐकून हॉस्पिटलचा वॉचमन काठी घेऊन आला.

परीक्षा

शाळेत परत आले. वर्गात बसायची परवानगी होती, वॉर्डात ड्युटीची नाही. प्रॅक्टिकल आलं तरी माझ्या फिटनेसचा पत्ता नव्हता. हॉस्पिटलचं एक्स-रे मशीन तीन आठवडे बिघडलेलं, आणि फोटो बघितल्याशिवाय डॉक्टर सही करायला तयार नव्हते. मशीन दुरुस्त होऊन डॉक्टर येणार ते थेट परीक्षेच्या शेवटच्या दिवशी. म्हणजे पाणी गेलंय की राहिलंय, हे मलाही ठाऊक नव्हतं.

त्याच्या आदल्या दिवशी आमच्या बॅचच्या सहा जणींची छातीची तपासणी होती. त्यासाठी दम्याचे एक आजोबा केस म्हणून ठरले होते. ते सकाळी चहा-बिस्किट घेऊन, बाजाराचा दिवस आहे म्हणून, कुणाला न सांगता निघून गेले. मॅडम माझ्याकडे आल्या. "गाऊन घाल आणि बस," म्हणाल्या. "परीक्षक बाहेरच्या आहेत, त्यांना फक्त छातीची केस एवढंच सांगितलंय."

मी भिंतीकडे तोंड करून कॉटवर बसले. परीक्षक बाई मागे खुर्चीत, मॅडम दाराशी.

पहिली सुरेखा आली. दोनदा टकटक केलं आणि घडाघडा बोलली, "उजवी बाजू, खाली, डल. हवा कमी. पेशंट सहकार्य करते, स्वभावाने शांत." माझंच वाक्य, माझ्याच थाटात. मला हसू आवरेना. दुसरीने तेच सांगितलं. तिसरीने वाजवलं डावीकडे आणि सांगितलं उजवीकडचं. हा मजकूर मी पाच महिन्यांपूर्वी सांगितलेला आहे, त्या तो नुसता म्हणून दाखवताहेत, हे मला कळत होतं.

पण चौथीनेही तेच सांगितलं तेव्हा माझं हसू गेलं. चौघींपैकी एकीला तरी खरंच तसं लागलं असेल तर? काल जिना चढताना थोडा दम लागला होता. पाचवी टकटक करत होती तेव्हा मी श्वास रोखून ऐकायचा प्रयत्न केला, पण स्वतःची पाठ स्वतःला ऐकू येत नाही. "डल," ती म्हणाली. भिंतीवर मला डेअरीवाला दिसायला लागला.

शेवटी कमल आली. तिने हात घासले. वरून सुरुवात केली, डावं, उजवं, डावं, उजवं, बोटभर खाली, पुन्हा डावं, उजवं. परीक्षक बाईंनी खुर्ची सरकवल्याचा आवाज आला. "वेळ बघा," त्या म्हणाल्या. कमलने वेग वाढवला नाही.

"सांगा."

"डल न्हाई, मॅडम."

"काय?"

"दोन्हीकडं सारखंच वाजतंय. मागं पाणी हुतं हितं, चार बोटं. आता न्हाई."

"तुमच्या आधी पाच जणींनी आहे म्हणून सांगितलंय."

"त्यांना वाटलं आसंल. माझ्या हाताला न्हाई लागलं."

दारातून साळवी मॅडम हळूच म्हणाल्या, "कमल, एकदा परत बघ बाळ." त्यांना तिचे मार्क जाताना दिसत होते. मलाही दिसत होते. कमलने पुन्हा वरपासून वाजवलं, तितकाच वेळ लावून. "तेच हाय," ती म्हणाली.

परीक्षक बाई उठल्या. त्यांची बोटं कमलपेक्षा गार होती. उजवं, डावं, उजवं. मग स्टेथोस्कोप. "दीर्घ श्वास. सोडा. नव्याण्णव म्हणा." मी म्हटलं.

"बाहेरच्या पाच जणींना आत बोलवा," शेवटी बाई मॅडमना म्हणाल्या. "एकेकीने पुन्हा वाजवायचं. या वेळी ऐकून. हिची बाजू साफ आहे."

पुढचं सांगून टाकते. दुसऱ्या दिवशी एक्स-रेमध्ये तेच आलं, डॉक्टरांनी सही केली, मी शेवटच्या बॅचला बसले आणि पास झाले. उरलेल्या गोळ्या पुढच्या महिन्यात संपवल्या. आप्पा निवडणूक हरले, आणि त्या रागाच्या भरात त्यांनी पारावर सगळ्यांदेखत सांगून टाकलं की पोरीला टीबी झाला होता आणि ती बरी झाली. पाणी प्यायला लोक येतच राहिले. प्रॅक्टिकलला कमल पहिली आली, माझ्यापेक्षा जास्त मार्क मिळवून. एक महिना मी तिच्याशी त्या मार्कांवरून धड बोलत नव्हते. डॉक्टरांनी शांत स्वभावाचं औषध दिलं नव्हतं.

पण हे सगळं नंतरचं. त्या क्षणी मी भिंतीकडे तोंड करून बसले होते आणि माझे डोळे वाहत होते. पाच महिने मी डोळे लावून वाट बघितलेली गोष्ट कुणीतरी बोटांनी शोधून सांगितली होती, तीही स्वतःचे मार्क पणाला लावून. कमल कॉटला वळसा घालून माझ्यासमोर आली, स्टूलवर बसली आणि माझं मनगट हातात घेतलं.

"झालं की सगळं," मी म्हटलं. "पाणी गेलं म्हणालीस ना."

"न्हाई झालं. तुझा श्वास मोजायचा राहिलाय," ती हळू आवाजात म्हणाली. "रडू नको. रडतीस तवर मोजता येत न्हाई."

मी गाऊनच्या बाहीने तोंड पुसलं. मग श्वास घेतला, दोन्हीकडून, अगदी खालपर्यंत. कमल घड्याळाच्या काट्याकडे बघत होती, आणि तिने पूर्ण एक मिनिट मोजलं.